धूसर डबल आयपीए

धूसर डबल आयपीए हा इंडिया पेल एल (आयपीए) या बिअर-कुळातील आधुनिक प्रकार आहे. दिसायला अपारदर्शक व पिवळसर-नारिंगी, तोंडात मऊ, फळांच्या गंधाने भरलेली, कडवटपणा कमी आणि मद्यार्काचे प्रमाण मात्र जास्त, अशी तिची थोडक्यात ओळख सांगता येते. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड प्रदेशात, विशेषतः व्हरमाँट राज्यात, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा प्रकार आकाराला आला. म्हणून त्याला न्यू इंग्लंड आयपीए असेही म्हणतात. इंग्रजीत रूढ असलेली ‘हेझी’ आणि ‘ज्यूसी’ ही विशेषणे भारतातील बिअरगृहांच्या फलकांवरही दिसतात. मराठीत ‘गढूळ’ हा शब्द अर्थाने जवळचा असला तरी त्यात दोषाची छटा आहे. या बिअरमधील अपारदर्शकता मुद्दाम आणलेली असते, त्यामुळे ‘धूसर’ हा शब्द अधिक योग्य ठरतो. अर्थात हा दोष आहे की गुण, याच प्रश्नावर या प्रकाराभोवतीचा बराचसा वाद उभा आहे.

नावातील ‘इंडिया’

आयपीएच्या नावात भारत असला तरी ही बिअर भारतात जन्मलेली नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनजवळच्या बो येथील जॉर्ज हॉजसन याची मद्यशाळा ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या ब्लॅकवॉल येथील धक्क्यापासून जवळ होती. जहाजांचे कप्तान स्वतःच्या खासगी व्यापारासाठी माल नेत असत आणि हॉजसन त्यांना दीर्घ मुदतीची उधारी देई. त्यामुळे त्याची फिकट रंगाची, भरपूर हॉप्स घातलेली बिअर केप ऑफ गुड होपला वळसा घालून कलकत्ता, मद्रास व मुंबईच्या बाजारांत पोहोचली. १८२० च्या दशकात बर्टन येथील सॅम्युअल ऑलसॉप व इतर उत्पादक या व्यापारात उतरले. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे शब्द १८२९ मध्ये सिडनीतील एका वृत्तपत्राच्या जाहिरातीत आढळतात.

लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून हॉजसनने नवीनच बिअर शोधून काढली, ही कथा आजही वारंवार सांगितली जाते. ब्रिटिश बिअर-इतिहासकार मार्टिन कॉर्नेल यांनी कागदपत्रांच्या आधारे ती फेटाळली आहे. कमी हॉप्सची काळी पोर्टर बिअरही त्याच जहाजांतून सुखरूप येत होती आणि सामान्य गोरे शिपाई प्रामुख्याने तीच पीत. फिकट एल ही अधिकारी, व्यापारी व मुलकी नोकरांची बिअर होती. म्हणजे जिला पुढे ‘हिंदुस्थानची बिअर’ म्हणून जगभर नाव मिळाले, ती हिंदुस्थानात मूठभर परकीयांच्याच मेजावर होती.

दुपटीकडून धूसरतेकडे

विसाव्या शतकात आयपीए ब्रिटनमध्ये क्षीण होत गेली. तिचे पुनरुज्जीवन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर झाले. १९७२ मध्ये वापरात आलेल्या कॅस्केड या हॉप्सच्या वाणाने द्राक्षफळासारखा (ग्रेपफ्रूट) आणि सूचिपर्णी वृक्षांच्या राळेसारखा गंध दिला. तेथील आयपीए स्वच्छ, कोरडी आणि उघड कडू होती. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातील टेमेक्युला येथे ब्लाइंड पिग या मद्यशाळेत व्हिनी सिलुर्झो यांनी माल्ट आणि हॉप्स दोन्ही वाढवून जी बिअर केली, ती डबल आयपीएची पहिली व्यापारी निर्मिती मानली जाते. त्यांची यंत्रसामग्री जुनी होती आणि तिच्यामुळे येणारे दोष तीव्र चवीखाली झाकले जावेत, हाही त्यामागील एक हेतू होता.

धूसर बिअरची वाट दुसऱ्या किनाऱ्यावरून निघते. व्हरमाँटमधील बर्लिंग्टन येथे ग्रेग नूनन यांनी १९८८ मध्ये बिअरगृह सुरू केले. त्यांच्या हाताखाली शिकलेले जॉन किमिच यांनी २००३ मध्ये वॉटरबरी येथे ‘द अल्केमिस्ट’ हे बिअरगृह काढले आणि तेथे ‘हेडी टॉपर’ ही ८ टक्के मद्यार्काची डबल आयपीए तयार केली. ती गाळून पारदर्शक केली जात नसे. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुराने मूळ बिअरगृह उद्ध्वस्त झाले. त्याच सुमारास हेडी टॉपर डब्यांत भरली जाऊ लागली आणि ती मिळवण्यासाठी लोक शेकडो किलोमीटर प्रवास करून येऊ लागले. डब्यावर ‘डब्यातूनच प्या’ अशी सूचना होती. गंध टिकावा हा त्यामागचा खुलासा असला, तरी पेल्यात ओतल्यावर दिसणारे धुके पाहून नवखा ग्राहक बिचकू नये, ही सोयही त्यात होतीच. पुढील पिढीच्या मद्यशाळांनी धुके लपवण्याऐवजी मिरवले. २०१८ मध्ये अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशन या संघटनेने आपल्या स्पर्धांच्या वर्गवारीत ‘ज्यूसी किंवा हेझी’ बिअरला स्वतंत्र स्थान दिले.

घटक व निर्मिती

बिअर म्हणजे अंकुरित जवाच्या (माल्ट) साखरेचे किण्वन करून केलेले पेय. हॉप्स हा एका वेलीच्या मादी फुलांचा शंकूसारखा फुलोरा असून त्यातील पिवळ्या ग्रंथींमध्ये कडू आम्ले व सुगंधी तेले असतात. ही आम्ले मूळ रूपात फारशी कडू नसतात व पाण्यात विरघळतही नाहीत. तासभर उकळल्यावर त्यांची रचना बदलते आणि मग त्यांचा कडवटपणा बिअरमध्ये उतरतो. उलट सुगंधी तेले त्याच उकळीत वाफेबरोबर निघून जातात. फोडणीत आधी टाकलेला मसाला आणि शेवटी वरून भुरभुरलेली कोथिंबीर यांत जो फरक, तोच येथे लागू पडतो.

धूसर आयपीएचे सारे तंत्र या एका वस्तुस्थितीवर आधारलेले आहे. तिच्यात उकळीच्या सुरुवातीला हॉप्स जवळजवळ टाकतच नाहीत. उकळ संपल्यावर द्रव ८० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला की पहिला मोठा हप्ता पडतो आणि त्याहून मोठा हप्ता थंड बिअरमध्ये, किण्वन चालू असताना किंवा संपल्यावर. लिटरमागे ८ ते १५ ग्रॅम हॉप्स या टप्प्यावर घालणे सर्रास चालते. किण्वन चालू असतानाच हॉप्स टाकल्यास किण्व (यीस्ट) त्यांतील काही सुगंधी संयुगांचे रूपांतर करतात. उदाहरणार्थ, गुलाबाच्या वासाच्या जिरॅनिऑलपासून लिंबूवर्गीय वासाचे सिट्रोनेलॉल बनते. सिट्रा, मोझेइक, ऑस्ट्रेलियातील गॅलक्सी आणि न्यूझीलंडमधील नेल्सन सॉव्हिन हे या बिअरमधील आवडते वाण आहेत. आंबा, संत्रे, पपनस, पीच, कृष्णकमळाचे फळ असे त्यांचे वास सांगितले जातात. पेयात यांपैकी एकही फळ घातलेले नसते.

मऊपणा धान्यातून व पाण्यातून येतो. जवाच्या जोडीला ओट आणि गहू बऱ्याच प्रमाणात घेतल्याने प्रथिने व चिकट शर्करा वाढतात आणि पेय तोंडात दाट लागते. पाण्यातील क्षारांचाही वाटा मोठा आहे. बर्टनचे पाणी सल्फेटयुक्त असल्याने तेथील जुनी आयपीए कोरडी व धारदार लागे. धूसर आयपीएसाठी क्लोराइडचे प्रमाण सल्फेटपेक्षा अधिक ठेवतात, त्याने चव गोलसर होते.

धुक्याबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे, तो म्हणजे ते तरंगणाऱ्या किण्वाचे असते. चांगल्या धूसर बिअरमध्ये किण्व बहुतांशी तळाला बसवून काढून टाकलेले असते. धान्यातील प्रथिने आणि हॉप्समधील पॉलिफेनॉल यांचे अतिसूक्ष्म कण एकमेकांना धरून राहतात व प्रकाश विखुरतात, त्यामुळे पेय अपारदर्शक दिसते. किण्व किंवा हॉप्सचा चुरा खरोखरच तरंगत असेल तर बिअर खरखरीत लागते आणि घशाशी जळजळते. या दोषाला जाणकार ‘हॉप बर्न’ म्हणतात. घाईने विकलेल्या बिअरमध्ये तो हमखास सापडतो.

मोजमापे

बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत धूसर आयपीएचे मद्यार्क-प्रमाण ६ ते ९ टक्के आणि कडवटपणा २५ ते ६० एकक (आयबीयू) असा दिला आहे. नेहमीच्या डबल आयपीएसाठी तीच संस्था ७.५ ते १० टक्के मद्यार्क आणि ६० ते १०० एकक कडवटपणा सांगते. एक आयबीयू म्हणजे ढोबळमानाने लिटरमध्ये एक मिलिग्रॅम कडू आम्ल. म्हणजेच मद्यार्क जवळपास तितकाच ठेवून कडवटपणा अर्ध्यावर आणणे, हे धूसर डबल आयपीएचे सार आहे.

याचा परिणाम केवळ चवीपुरता नाही. कडवटपणा हा पिणाऱ्याला सावकाश करणारा एक नैसर्गिक अडसर असतो, तो येथे काढलेला आहे. या बिअरच्या ४७३ मिलिलिटरच्या एका डब्यात ८ टक्के दराने सुमारे ३० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. ५ टक्के मद्यार्काच्या ३३० मिलिलिटर बाटलीत तो सुमारे १३ ग्रॅम भरतो. संत्र्याच्या रसासारखे लागणारे एक पेय साध्या बिअरच्या दोन बाटल्यांहून जड पडते, ही बाब चवीच्या चर्चेत सहसा मागे राहते.

आस्वादकांतील मतभेद

धूसर डबल आयपीएइतका तीव्र मतभेद अलीकडच्या काळात दुसऱ्या कोणत्याही बिअरने निर्माण केलेला नाही. जुन्या वळणाच्या आयपीएवर वाढलेल्या रसिकांचा मुख्य आक्षेप असा, की कडवटपणा हा आयपीएचा कणा होता आणि तोच काढल्यावर उरते ते सुगंधी सरबत. माल्टची गोडी, ओटचा दाटपणा आणि फळांचा वास हे तिन्ही एकाच दिशेने ओढतात, त्यांना तोलणारे विरुद्ध टोकाचे काहीच नसते. पहिला घोट विलक्षण वाटतो, चौथा ओशट. दुसरा आक्षेप सारखेपणाचा आहे. सिट्रा आणि मोझेइक यांच्या आलटून पालटून केलेल्या जोड्या, वेगवेगळी नावे आणि भडक चित्रांचे डबे, पण डोळे मिटून प्यायल्यास मद्यशाळा ओळखता येत नाही, अशी ही तक्रार आहे. तिसरा आक्षेप कारागिरीसंबंधी आहे. लागर किंवा स्वच्छ पेल एलमधील चूक लगेच उघडी पडते, तर धुक्याआड आळस लपतो, असे म्हटले जाते.

यांपैकी शेवटचा आक्षेप अर्धाच खरा आहे. बाजारात निष्काळजीपणे केलेल्या धूसर बिअर पुष्कळ आहेत, परंतु हा प्रकार नीट करणे लागरइतकेच कठीण आहे. बिअर भरताना आत शिरलेला अत्यल्प प्राणवायूही तिचा घात करतो. हॉप्सचे प्रमाण प्रचंड असल्याने ऑक्सिडीकरण वेगाने होते, पिवळा रंग राखाडी-जांभळट होतो आणि आंब्याच्या जागी ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. लागर शिळी झाली तर बेचव होते. धूसर आयपीए शिळी झाली तर पिण्यायोग्य राहत नाही. सरबताचा आक्षेप मात्र वजनदार आहे. समर्थक त्याला उत्तर देताना हेडी टॉपरकडेच बोट दाखवतात. या प्रकाराची जननी मानली जाणारी ती बिअर पुढच्या अनेक अनुकरणांपेक्षा स्पष्टपणे कडू व कोरडी आहे. म्हणजे दोष मऊपणाचा नसून, मऊपणापुढे थांबावे कोठे हे न कळण्याचा आहे. समर्थकांचा दुसरा मुद्दाही ध्यानात घेण्यासारखा आहे. बिअर कडू म्हणून कधीच न आवडलेला मोठा वर्ग या प्रकारामुळे हॉप्सकडे वळला. २०१० च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्याची स्वच्छ आयपीए पुन्हा मागणीत आली, तीही याच नव्या ग्राहकांच्या जोरावर.

महाराष्ट्रातील स्थिती

आयपीएच्या नावातील देशात आयपीए पोहोचायला दीर्घ काळ लागला. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली ‘डूलाली’ ही महाराष्ट्रातील पहिली मायक्रोब्रुअरी मानली जाते. तिचे नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेले आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत अडकून पडलेले ब्रिटिश शिपाई कंटाळून भ्रमिष्टासारखे वागत. त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ हा शब्दप्रयोग रूढ झाला, आणि त्यातील ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील या छावणीने इंग्रजीला वेडाचा शब्द दिला आणि शतकभरानंतर तोच शब्द बिअरच्या रूपाने मराठी मुलखात परतला. पुढील दशकात पुणे आणि मुंबईतील मायक्रोब्रुअऱ्यांची संख्या वाढली आणि त्यांच्या फलकांवर धूसर आयपीएही आली.

डबल आयपीएपुढे मात्र कायद्याची भिंत आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मद्यार्कयुक्त पेयांविषयीच्या २०१८ च्या विनियमांनुसार बिअरमधील मद्यार्काची कमाल मर्यादा ८ टक्के आहे. ५ टक्क्यांपर्यंतची बिअर सौम्य आणि त्यापुढील ‘स्ट्राँग’ ठरते. परिणामी या प्रकाराचा खालचा काठ तेवढा भारतात बसतो, हेडी टॉपर अगदी रेषेवर येते आणि अमेरिकेतील ९-१० टक्क्यांच्या बहुतेक डबल आयपीए बाहेर राहतात. यातील विसंगती अशी, की भारतात खपणाऱ्या बिअरचा मोठा वाटा स्ट्राँग प्रकारचाच आहे. मद्यार्काचे प्रमाण दोहोंत जवळपास सारखे असते. एकीत तो हेच विक्रीचे कारण असते, दुसरीत तो फळांच्या वासाखाली दडलेला असतो. याखेरीज मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) अन्वये राज्यात मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, हे अनेक पिणाऱ्यांनाही ठाऊक नसते.

पाण्याचा प्रश्न वेगळाच आहे. राज्यातील मोठ्या मद्यशाळा छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात एकवटल्या आहेत. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या तेथील खंडपीठाने मराठवाड्यातील मद्य उद्योगांच्या पाणीपुरवठ्यात मोठी कपात करण्याचा आदेश दिला होता. जळगाव व धुळे हे जिल्हेही याच खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतात. हॉप्सचा चोथा तयार बिअर शोषून घेतो, त्यामुळे धूसर डबल आयपीएत लिटरमागे वाया जाणारी बिअर, आणि पर्यायाने पाणी, साध्या लागरपेक्षा अधिक असते.

खानदेश

जळगाव व धुळे जिल्ह्यांत बिअर म्हणजे सर्वसाधारणपणे बाटलीबंद, थंडगार, पारदर्शक लागर. अपारदर्शक मादक पेय म्हटले की येथे ताडी आठवते. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी पाड्यांतील मोहाची दारू ही फुले आंबवून ऊर्ध्वपातनाने काढलेली, म्हणून पाण्यासारखी स्वच्छ असते. म्हणजे स्वच्छ पेय कारागिराचे आणि गढूळ पेय ताजे, त्याच दिवशीचे, अशी एक विभागणी स्थानिक अनुभवातच आहे. ताडी सकाळची चांगली, संध्याकाळी आंबट. धूसर आयपीएला हाच नियम लागू आहे, फक्त तिथे तासांऐवजी आठवडे मोजायचे.

चवीची एक खूणही खानदेशी वाचकाच्या ओळखीची आहे. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळी पिकवण्याच्या खोलीचे दार उघडले की जो वास येतो, त्यातील प्रमुख संयुग आयसोअमाइल ॲसिटेट होय. किण्वही तेच संयुग बनवतात. जर्मन गव्हाच्या बिअरमधील केळ्याचा वास त्याचाच असतो. धूसर आयपीएत वापरले जाणारे किण्व असे फळगंधी एस्टर बनवतात, पण केळे ठळकपणे पुढे आले तर परीक्षक तो दोष धरतात. अपेक्षा पीच-जर्दाळूची असते.

या प्रकाराची खरी अडचण खानदेशात हवामानाची आहे. बिअर उद्योगात ‘३-३०-३००’ असा ठोकताळा वापरतात. सुमारे ३२ अंश सेल्सिअसला ३ दिवसांत, २२ अंशांना ३० दिवसांत आणि ३ अंशांना ३०० दिवसांत बिअर साधारण सारखीच शिळी होते. जळगाव, भुसावळ व धुळे येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो. पुण्याहून साडेतीनशे-चारशे किलोमीटरचा प्रवास साध्या मालमोटारीतून झाला आणि पेटी दुकानाच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत दोन दिवस पडून राहिली, तर धूसर आयपीएचे आयुष्य तेथेच संपते. लागर हाच प्रवास बऱ्यापैकी सोसते. बाजारात ती टिकून राहण्याचे हेही एक कारण आहे.

शीतसाखळी या भागाला नवी नाही. निर्यातीची केळी पूर्वशीतन करून वातानुकूलित कंटेनरमधून बंदराकडे रवाना होतात. पण केळ्यांना १३ अंशांच्या आसपासचे तापमान लागते. त्याखाली साल काळी पडते. धूसर आयपीएला २ ते ४ अंश हवेत. त्यामुळे केळी घेऊन गेलेला कंटेनर त्याच तापमानावर परतीच्या वाटेने ही बिअर आणू शकत नाही. तिच्यासाठी वेगळी थंडी लागते, आणि तेवढा खर्च निघेल इतका खप मोठ्या शहरांबाहेर अद्याप नाही.